घरातल्या ब्लाऊजपीसवरून आपला सीझन कसा ओळखायचा: कपडे, लिपस्टिक, फाउंडेशन, सगळ्याची पूर्ण पद्धत

साडीच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "हा घ्या ताई, यात उजळ दिसाल." दुकानदार म्हणतो, सोबत आलेली नणंद म्हणते, आणि मुलगी सावळी असेल तर सगळे मिळून तिच्या हातात फिकट गुलाबी नाहीतर क्रीम कलर ठेवतात. मला या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण मोजमापच चुकीचं आहे. एखाद्या रंगात चेहरा उजळ दिसला म्हणजे तो रंग शोभला असं नसतं, कित्येकदा तो उजळ दिसणारा चेहरा प्रत्यक्षात फिकुटलेला, राखाडी पडलेला असतो. सीझनल कलर ॲनालिसिस, म्हणजे त्वचा, केस, डोळे यांच्याशी जुळणारा रंगांचा गट (त्यालाच 'सीझन' म्हणतात) शोधायची पद्धत, मला आवडतं ते यासाठीच, त्यात प्रश्नच वेगळा विचारतात: या रंगाशेजारी चेहरा स्वच्छ आणि एकसारखा दिसतोय का, की आधी कापडच दिसतंय आणि चेहरा मागे पडतोय?

हे सगळं घरी करता येतं, खर्च जवळपास काही नाही, एक मोकळी सकाळ, एक चांगली खिडकी आणि खरं बोलणारं एक माणूस लागतं. शेवटचं मिळणं जरा अवघड असतं, पण शोधा.

आधी थोडं मूळ

बाउहाउस या जर्मनीतल्या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवलेले स्विस चित्रकार योहानेस इटेन यांच्या लक्षात आलं होतं की विद्यार्थी आपापल्या मनाने जे रंग एकत्र मांडतात त्यांचं त्यांच्या स्वतःच्या केसांशी, त्वचेशी काहीतरी नातं असतं. पुढे अमेरिकेत हा विचार कपड्यांकडे वळला आणि १९८० मध्ये कॅरोल जॅक्सन यांच्या 'कलर मी ब्युटिफुल' या पुस्तकाने स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर हे चार सीझन घराघरात पोचवले. अडचण अशी की ती सगळी मांडणी सोनेरी केस, लाल केस, निळे डोळे अशा लोकांना समोर ठेवून झालेली, त्यामुळे काळे केस आणि काळे डोळे दिसले की सरसकट 'विंटर' म्हणून मोकळं व्हायचं. म्हणजे आपल्याकडचं जवळजवळ सगळं गाव एकाच खणात. नंतर चाराचे बारा सीझन झाले तेव्हा कुठे आपल्याला नीट जागा मिळाली.

बारा नावं आत्ता पाठ करू नका. तीन प्रश्न लक्षात ठेवा, सगळं त्यावरच उभं आहे. रंग उबदार की थंड, म्हणजे त्यात पिवळसर झाक आहे की निळसर. रंग गडद की फिकट. आणि रंग झळझळीत की मवाळ, म्हणजे त्यात राखाडी किती मिसळलाय. रंग असा तीन बाजूंनी मोजायची पद्धत अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली, आजही रंगाच्या धंद्यात ती वापरतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा हे सगळं फक्त 'गडद की फिकट' या एका प्रश्नाचं उत्तर आहे. ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, किती आहे त्यावर ठरतं. उबदार की थंड हे वेगळंच प्रकरण आहे, त्यात मेलॅनिनचा प्रकार येतो, त्वचेखालच्या रक्ताची लाली येते, कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्याची झाक येते. म्हणून गोरी व्यक्ती उबदार असू शकते आणि अगदी सावळी व्यक्ती थंड असू शकते, दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी.

पायरी १: उजेड आणि चेहरा

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान उत्तरेकडची खिडकी सगळ्यात उत्तम, थेट ऊन नको. उत्तरेची नसेल तर ज्या खिडकीत त्या वेळी ऊन येत नाही ती घ्या. खोलीतले सगळे दिवे बंद, पिवळा बल्ब तर आधी बंद. भिंतीचा रंगसुद्धा बघा, आपल्याकडे पिस्ता आणि पीच भिंती फार, आणि त्यांची झाक तोंडावर येते, तुम्हाला कळतही नाही. भिंत रंगीत असेल तर मागे पांढरी चादर टांगा. पावसाळ्यात काळं भरून आलेल्या दिवशी करू नका, सगळेच रंग मेलेले दिसतात.

चेहरा साध्या पाण्याने धुवा आणि अर्धा तास थांबा, कारण टॉवेलने खसाखसा पुसल्यावर येणारी लाली खोटी माहिती देते. काजळ, टिकली, लिपबाम काही नको. आदल्या दिवशी उटणं किंवा हळद लावली असेल तर दोन दिवस पुढे ढकला. चष्मा, कानातलं, मंगळसूत्र काढून ठेवा किंवा आत सरकवा. केसांना मेंदी किंवा कलर असेल तर पांढऱ्या कापडाने सगळे केस बांधून झाका, कारण मेंदीची केशरी झाक चेहऱ्याला उबदार ठरवून टाकते. केस नैसर्गिक काळे किंवा काळे-पांढरे असतील तर उघडे ठेवले तरी चालतील. अंगावरचा ड्रेस झाकायला खांद्यावरून पांढरा पंचा किंवा ओढणी.

पायरी २: कापडं गोळा करा

यासाठी बाहेरून महागडा ड्रेपचा, म्हणजे चेहऱ्याजवळ धरून बघायच्या रंगीत कापडांचा, सेट मागवायची गरज नाही. आपल्या घरात ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा गठ्ठा असतोच, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिवायचा कधी योग येत नाही असा. तोच काढा. मावशीकडचा, शेजारणीचा गठ्ठा आणा, त्यात इतके रंग निघतात की बघत राहाल. जे रंग मिळत नाहीत त्यांच्यासाठी मॅचिंग सेंटरमध्ये जा आणि साडीचे फॉल घ्या. फॉल स्वस्त असतात, शेकडो शेडमध्ये मिळतात, आणि दोन-तीन घड्या करून हनुवटीखाली धरले की काम भागतं.

कापड शक्यतो एकाच जातीचं घ्या, सुतीसमोर सुती, सिल्कसमोर सिल्क. सॅटिन चमकतं आणि तोंडावर उजेड मारतं, त्यामुळे कुठलाही रंग बरा वाटायला लागतो. जरीचा काठ आत दुमडून टाका. आणि धूपछाँव कापड, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, ते या कामाला बाद, बऱ्याच इरकल आणि पैठण्या त्यात येतात, तो दोन रंगांचा खेळ साडीत सुंदर दिसतो पण इथे उत्तर देत नाही.

जोड्या लावा. उबदार-थंडसाठी: शेंदरी लाल आणि निळसर झाकेचा चेरी लाल. अबोली आणि बेबी पिंक. मेंदी हिरवा आणि पाचूसारखा हिरवा. मोहरी पिवळा आणि लिंबू. हाफ व्हाइट आणि शुभ्र पांढरा. चॉकलेटी आणि राखाडी. जोडीतले दोन्ही रंग साधारण सारखेच गडद हवेत हे महत्त्वाचं, नाहीतर तुम्ही उबदार-थंड बघताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात गडद-फिकट बघत असता. गडद-फिकटसाठी पिस्ता आणि बाटली हिरवा, आकाशी आणि नेव्ही. झळझळीत-मवाळसाठी रानी आणि मळकट गुलाबी, मोरपंखी आणि राखाडी निळा.

पायरी ३: नक्की बघायचं काय

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून जरा थांबून वाचा.

शेजारचा रंग डोळ्याला फसवतो ही गोष्ट फ्रान्समध्ये मिशेल युजीन शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये पुस्तक लिहून सविस्तर मांडली. ते रसायनतज्ज्ञ, पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणायचे, रंगाई विभागाचे प्रमुख. काळी लोकर नीट काळी दिसत नाही अशी तक्रार आली तेव्हा त्यांना कळलं की दोष लोकरीच्या रंगात नाही, शेजारी विणलेल्या रंगात आहे. चेहऱ्याचंही तेच होतं. कापड बदललं की त्वचा बदलत नाही, पण डोळ्याला ती वेगळी दिसते, आणि हनुवटीखाली कापडाचा परावर्तित उजेडही पडतो.

कापड हनुवटीखाली धरा आणि क्रमाने बघा. हनुवटीखालची सावली गडद झाली की विरली. डोळ्याखालची काळी वर्तुळं. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांजवळचा काळपटपणा, आपल्या त्वचेत तो फार जणींना असतो आणि चुकीच्या रंगात सगळ्यात आधी तोच ओरडून पुढे येतो. मुरमांचे जुने डाग. ओठांची कड स्पष्ट आहे की पुसट. डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ की पिवळट. आणि शेवटी, नजर पहिली कुठे गेली, डोळ्यांकडे की कापडाकडे?

माझ्या मावसबहिणीचं सांगते. ती चांगली सावळी आहे, लहानपणापासून तिला "तुला गडद रंग नको गं, अजून काळी दिसशील" असं ऐकवलेलं, त्यामुळे कपाटभर बेबी पिंक आणि क्रीम. खिडकीत बसवून आधी बेबी पिंक धरला, तोंडाभोवतीचा भाग एकदम वेगळ्या रंगाचा दिसायला लागला, कपाळ आणि गाल दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतका फरक, आणि वर एक राखाडी थर. मग आमसुली फॉल धरला. कपाळ, गाल, हनुवटी एका रंगात आली, डोळ्याखालचं काळं अर्धं झालं, आणि ओठांचा मूळ तपकिरी-गुलाबी रंग लिपस्टिक लावल्यासारखा उठून आला. ती गोरी दिसली का? नाही. ती ताजी दिसली, झोप पूर्ण झालेली दिसली. "ताई, हा मी कधी घातलाच नाही," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ तो फॉल तसाच धरून बसली.

एक तांत्रिक सूचना: कापड धरल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत जे दिसतं तेच खरं. जास्त वेळ बघत बसलात की डोळा जुळवून घेतो. दोन कापडांच्या मध्ये पांढऱ्या पंचाकडे बघा, मग पुढचं.

पायरी ४: उबदार की थंड

मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ही टेस्ट सगळीकडे फिरते. सावळ्या त्वचेवर ती चालत नाही, शिरा धड दिसतच नाहीत, आणि गव्हाळ त्वचेवर बऱ्याच लोकांना दोन्ही दिसतात. सोडून द्या. सोनं-चांदी टेस्ट त्यातल्या त्यात बरी, पण आपल्याला २२ कॅरेट सोनं इतकं सवयीचं आहे की ते 'शोभतं' असं डोळ्याला आधीच ठरलेलं असतं. करायचीच असेल तर एका बाजूला पिवळं सोनं आणि एका बाजूला पॉलिश केलेली चांदी कानाजवळ धरा, ऑक्सिडाइज्ड नको, ते काळपट असतं.

खरी परीक्षा कापडाच्या जोड्यांची. अबोली-बेबी पिंक आणि शेंदरी-चेरी या दोन जोड्या सगळ्यात स्पष्ट बोलतात. थंड व्यक्तीवर मोहरी आणि शेंदरी धरलं की चेहरा पिवळट, आजारी दिसतो. उबदार व्यक्तीवर बेबी पिंक आणि राखाडी धरलं की चेहरा राखाडी नाहीतर जांभळट होतो.

दोन्ही बऱ्यापैकी चालतात असं दिसलं तर तुम्ही न्यूट्रल, हे फार सामान्य आहे, जोर लावून एका बाजूला ढकलू नका, तुमचा निर्णय पुढच्या दोन प्रश्नांवर होईल.

ऑलिव्ह त्वचा मात्र वेगळी ओळखायला शिका. त्यात हलकी हिरवट झाक असते, कपाळ आणि मानेवर दिसते. अशा लोकांना सगळे "पिवळसर वर्ण, म्हणजे वॉर्म" म्हणून टाकतात, मग ते केशरी घेतात आणि ताप आल्यासारखे दिसतात. फाउंडेशन पिंक शेडमध्ये गुलाबी दिसतं आणि यलो शेडमध्ये केशरी दिसतं असा अनुभव असेल तर शंका ऑलिव्हची घ्या. असे बरेच जण थोडे थंड बाजूला किंवा मवाळ बाजूला निघतात.

पायरी ५: गडद-फिकट आणि झळझळीत-मवाळ

गडदपणा ठरवताना त्वचा, केस, भुवया, डोळे असं सगळं मिळून बघायचं. निमगोरी त्वचा पण केस कुळकुळीत काळे आणि डोळे काळेभोर, अशी व्यक्तीसुद्धा गडद रंग सहज पेलते. यासाठी खिडकीतला एक फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. त्वचा आणि केस यात मोठा फरक दिसला तर तुमचा कॉन्ट्रास्ट जास्त, म्हणजे काळ्यावर पांढरं, रानीवर हिरवं अशी टोकाची जोडी तुम्हाला पेलते. सगळं जवळजवळच्या छटांत दिसलं तर एकाच रंगाच्या वेगवेगळ्या छटा, टोन-ऑन-टोन, जास्त देखण्या दिसतात.

फोनबद्दल: ब्युटी मोड बंद, फोकस लावून एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा, आणि फोटोत कोपऱ्यात एक पांढरा कागद येऊ द्या. फोन प्रत्येक फोटोत व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कसा दिसावा ते, स्वतःच बदलतो, कागद कधी पिवळा तर कधी निळा दिसला की तो फोटो बाद. सेल्फी टाकून सीझन सांगणारे फिल्टर आणि ॲप याच कारणाने आज ऑटम सांगतात आणि उद्या समर.

झळझळीत-मवाळ हा प्रश्न लोक गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. रानी धरा, मग मळकट गुलाबी. रानीमध्ये डोळे चमकले, कातडी घट्ट दिसली तर तुम्ही झळझळीत. रानी एकटीच दिसतेय आणि तुम्ही तिच्या मागे उभ्या आहात असं वाटलं तर मवाळ. माझी आई गव्हाळ, केस आता बरेच पांढरे, तपकिरी डोळे, तिला आम्ही कायम डार्क मरून साड्या घेत आलो कारण "वयाला शोभतो". खिडकीत बसवल्यावर फिकट शेवाळी आणि बदामीत तिचा चेहरा जो मोकळा झाला तो मरूनमध्ये कधीच दिसला नव्हता.

पायरी ६: उत्तरं जोडा

आता नावं. आपल्याकडे जे जास्त सापडतात त्यांच्याबद्दलच नीट सांगते.

गडद आणि उबदारकडे झुकणारे ते डीप ऑटम. मराठी घरांत हे खूप. आमसुली, विटकरी, चॉकलेटी, गडद शेवाळी, मोहरी, गडद मोरपंखी, तांब्याचा रंग. इंडिगो आणि मंजिष्ठाचं अजरख यांच्यासाठीच केल्यासारखं असतं. पांढऱ्याऐवजी हाफ व्हाइट किंवा कोरा रंग.

गडद आणि थंडकडे झुकणारे ते डीप विंटर. काळा, शुभ्र पांढरा, नेव्ही, पाचू हिरवा, वाइन, गडद जांभळा, रानी. संक्रांतीची काळी चंद्रकळा खऱ्या अर्थाने यांची. डीप ऑटमने संक्रांतीला काळं नेसायचं तर लाल काठ आणि सोनेरी जर असलेलं घ्यावं, चेहऱ्याजवळ ऊब येते.

या दोघांत गल्लत खूप होते. शेवटचा निकाल चॉकलेटी आणि काळा या जोडीवर लावा: काळ्यात हनुवटीखाली रेघ ओढल्यासारखी सावली आली तर ऑटम, चॉकलेटीत चेहरा मातकट झाला तर विंटर.

वॉर्म ऑटम म्हणजे ज्यांच्यात सोनेरीपणाच सगळ्यात आधी दिसतो, डोळे मधाळ तपकिरी, उन्हात केसांना तांबूस झाक. हळदी, केशरी, मेंदी हिरवा, गंजाचा तांबडा. सॉफ्ट ऑटम म्हणजे मवाळ आणि उबदार: बदामी, श्रीखंडी, फिकट शेवाळी, खाकी, मातकट अबोली. सॉफ्ट समर म्हणजे मवाळ आणि थंड: राखाडी गुलाबी, धुरकट निळा, मंद लव्हेंडर, आणि बऱ्याच ऑलिव्ह लोकांना हे चक्क शोभतं. ब्राइट विंटर म्हणजे झळझळीत आणि कॉन्ट्रास्टवाले, पैठणीचे ते ठसठशीत रानी, जांभळे, पोपटी काठ यांच्या अंगावर शांत वाटतात. कूल विंटर त्याच्या शेजारीच, फक्त केशरी-पिवळ्यापासून पूर्ण लांब.

स्प्रिंगचे तीन आणि लाइट समर, कूल समर आपल्याकडे कमी, पण नसतातच असं नाही. घारे डोळे, तपकिरी केस, पातळ गोरी त्वचा असेल तर पीच, अबोली, पोपटी आणि बेबी पिंक, आकाशी हे दोन गट नक्की धरून बघा.

दोन सीझनमध्ये अडकलात तर नाव सोडा. ज्या सात-आठ कापडांत चेहरा खुलला ती बाजूला काढा, तोच तुमचा पॅलेट. पुढच्या नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग नेसालच, तर रोज त्याच वेळी त्याच खिडकीत एक फोटो काढा आणि शेवटी नऊ फोटो शेजारी लावा. ऑफिसच्या ग्रुप फोटोतही बघा, एकाच पिवळ्यात दहा जणी असतात आणि प्रत्येकीवर तो वेगळा बसतो, शिकायला याहून चांगली शाळा नाही.

पायरी ७: मेकअप

फाउंडेशन हातावर लावून बघू नका. जबड्याच्या रेषेवर, गाल आणि मान दोन्हीला लागेल असे दोन-तीन पट्टे ओढा, दुकानाबाहेर उजेडात या, आणि वीस मिनिटं थांबा कारण बरीच फाउंडेशनं हवेत एक शेड गडद होतात. जो पट्टा शोधावा लागतो तो तुमचा. चेहरा आणि मान यांचा रंग वेगळा असेल तर मानेशी जुळवा. बाटलीवरच्या अक्षरांवर डोळे झाकून जाऊ नका, साधारण डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल, पण मॅक या मेकअप ब्रँडमध्ये एनसी शेड पिवळसर-सोनेरी त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीकडे झुकणाऱ्या त्वचेसाठी, म्हणजे नेमकं उलटं वाटतं.

सावळ्या त्वचेवर मेकअप राखाडी पडतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा बेस आणि पांढरी पावडर. फ्लॅशमध्ये तर भूत. लग्नाच्या मेकअपला ट्रायल घेताना स्पष्ट सांगा, "माझ्याच रंगाचं हवंय, एकही शेड लाइट नको," आणि ट्रायल झाल्यावर गच्चीवर जाऊन उन्हाबाहेरच्या उजेडात बघा. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव ग्लो अँड लव्हली झालं, पण नवरीला दोन शेड गोरं करायची सवय पार्लरमधून गेलेली नाही, तिथे तुम्हालाच बोलावं लागतं.

लिपस्टिक निवडताना तुमच्या ओठांचा मूळ रंग त्यात मिसळणार हे धरून चाला, ओठ गडद असतील तर फिकट न्यूड (ओठांच्या नैसर्गिक रंगाजवळची शेड) खडूसारखा बसतो, त्यांचा न्यूड म्हणजे तपकिरी-गुलाबी, चॉकलेटी. लाल प्रत्येकीला शोभतो, फक्त कुठला ते बघायचं. मॅकची रूबी वू निळसर लाल, चिली विटकरी-केशरट लाल, दुकानात दोन्ही टेस्टर हातात घेऊन चेहऱ्याजवळ धरलेत तरी तुमची बाजू कळते. ऑटमने विटकरी, तांबूस, टेराकोटा घ्यावं. विंटरने बेरी, वाइन, रानी, चेरी. सॉफ्टवाल्यांनी मंद गुलाबी-तपकिरी.

ब्लश लिपस्टिकच्याच कुटुंबातला, सावळ्या त्वचेला गडदच लागतो, पॅनमध्ये भीती वाटेल असा विटकरी किंवा गडद बेरी गालावर अगदी नैसर्गिक लाली देतो. काजळ डीप आणि ब्राइटवाल्यांना काळं, सॉफ्टवाल्यांना तपकिरी एकदा लावून बघाच. आणि टिकली विसरू नका, ती चेहऱ्याच्या मधोमध असते. मरून, लाल, केशरट लाल अशी तीन पाकिटं घेऊन कुठली कपाळात मिसळून जाते ते बघा.

पायरी ८: कपाटात आहे त्याचं काय

काहीही टाकायचं नाही. रंगाचा परिणाम मुख्यतः मानेपासून छातीपर्यंतच्या भागात असतो. सलवार, जीन्स, परकर, साडीचा निऱ्यांचा भाग कुठल्याही रंगाचा चालतो. न शोभणारी साडी असेल तर ब्लाऊज आपल्या रंगाचा शिवा, बऱ्याच साड्या एवढ्यावरच वाचतात. कुर्ता चुकीचा असेल तर ओढणी बरोबर घ्या आणि गळ्याशी गुंडाळा. गळा खोल असला तरी कापड चेहऱ्यापासून लांब जातं. आईचा शालू किंवा सासूबाईंनी दिलेली पैठणी रंगाने जुळत नसेल तर काठाचा किंवा पदराचा कुठला रंग तुमचा आहे ते बघून ब्लाऊज त्याचा करा. हळदीच्या कार्यक्रमाला पिवळं हवंच असतं, तर थंडवाल्यांनी लिंबू आणि उबदारवाल्यांनी हळदी, मोहरी.

पुरुषांना हे सगळं तसंच्या तसं लागू आहे, उलट त्यांचं सोपं, शर्टाची कॉलर थेट चेहऱ्याला चिकटलेली. फिकट निळा फॉर्मल शर्ट सगळ्यांना चालतो असं समजून घेतात, वॉर्म ऑटमवाल्याला त्यात थकवा दिसतो, त्याने हाफ व्हाइट किंवा फिकट शेवाळी घ्यावा. लग्नात फेटा तर चेहऱ्याच्या वर चौकट बांधतो, नवरदेवाचा फेटा शेरवानीला मॅच करण्याआधी चेहऱ्याला मॅच करा.

खरेदीला जाताना आपल्या शोभणाऱ्या फॉलचे बोटभर तुकडे कापून एका सेफ्टी पिनमध्ये ओवून पर्समध्ये ठेवा. दुकानात मोबाइलवरचा रंग दाखवून काही होत नाही, कापडाशेजारी कापड धरलं की लगेच कळतं. साडी आवडली की पांढऱ्या एलईडीखाली निर्णय न घेता "जरा दारात नेऊन बघते" म्हणा, चांगले दुकानदार स्वतःच साडी उचलून दारापर्यंत येतात. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला दिवसाच्या उजेडातला, फिल्टर नसलेला व्हिडिओ मागा, त्यात साडीशेजारी पांढरा कागद ठेवायला सांगा. आणि केस रंगवणं बंद करून पांढरे होऊ दिलेत किंवा काही वर्षांनी जुनेच रंग अंगावर जड वाटायला लागले, तर गठ्ठा पुन्हा काढा आणि गडद-फिकट व झळझळीत-मवाळ या दोन जोड्या परत धरून बघा, उबदार-थंड सहसा बदलत नाही, या दोन सरकतात.